मोजणी

मिरजोळ्याच्या शोरूममध्ये काचेआड दोघी,
पांढरी आणि करडी,
एकाच सातबाऱ्यावरच्या
पण बोलणं बंद असलेल्या जावांसारख्या.

मी खिशातून टेप काढली.
एकतीस वर्षं भूमापनात घालवलेला माणूस
छापील आकड्यावर सही करत नाही.
नावेद सोलकर, सेल्समन, पोरगेलासा,
"काका, सगळं लिहिलंय त्यात," म्हणाला
आणि मग टेपचं दुसरं टोक धरून
चेनमनसारखा मुकाट उभा राहिला.

पांढरीची डिकी: आंब्याच्या सहा पेट्या, सातवी आडवी.
करडीची: पाच, उरल्या फटीत फार तर कोकमाची बरणी.
पोटाखालची उंची एकशे सत्तर मिलिमीटर,
करडीची एकशे पासष्ट.
पाच मिलिमीटरसाठी माणसं कोर्टात गेलेली पाहिलीत मी.
नाही, खोटं कशाला, पाच फुटांसाठी;
पण त्वेष तोच.

बावा शिवलकरने गडग्यावरून ऐकवलं होतं,
"घेतोस तर उंच घे रे,
अंड्यावरच्या कोंबडीसारखी बसकी गाडी
गोळपच्या सड्यावर नेऊन करणार काय?"
त्याला काय सांगू,
उंच गाडीत हेमलताला वळणागणिक मळमळतं
आणि आमच्याकडे वळणाशिवाय रस्ताच नाही.

मग वही. मधोमध रेघ.
पांढरीला मायलेज, करडीला टर्बो.
करडीचे पार्ट कोल्हापूरहून,
म्हणजे आंबा घाटात दरड आली की थांबा.
पांढरीचा पत्रा टिचकीला डब्यासारखा वाजला,
करडी नुसतीच ठस्स.
खाऱ्या वाऱ्याचं विचारलं, तर नावेद हसला,
"गंज दोघींनाही लागतो, काका,
आमच्या अब्बांच्या लाँचला विचारा."

चालवूनही पाहिल्या.
भाट्याच्या पुलावरून पांढरी डुलत गेली,
पंगतीतून उठलेल्या यजमानासारखी.
करडी घाटी चढली तिसऱ्या गिअरवर,
काही न बोलता.
मला पांढरी पटली.
गुण मांडले, बेचाळीस विरुद्ध अडतीस,
खाली सहीसुद्धा केली, सवयीने.

हेमलता दोन्ही वेळा मागे बसली होती,
पर्स मांडीवर, डोळे मिटून.
सिव्हिलच्या एक्स-रे खोलीत रात्रभर
माणसांना "श्वास धरा, सोडा" सांगून आलेली.
"आता मी," ती म्हणाली.

गाडी तिच्या नाइटसाठीच घ्यायची होती,
ते मला ठाऊक होतं.
रकान्यात मात्र धरलं नव्हतं.

पांढरीत तिने सीट ओढली पुढे, शेवटच्या खाचेपर्यंत,
तरी बॉनेट दिसेना,
दिसलं आभाळ आणि माडांचे शेंडे.
करडीत बसली, दांडी चार वेळा वर दाबली,
मान जराशी उचलली.
"कोपरा दिसतो," एवढंच.

डाव्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो.
तिथून पूल वेगळाच.
कठडा अंगावर येतो, खाडी जवळ येते,
ओहोटीला उघडी पडलेली कालवांची खडपं
एकेक मोजता येतात.
माझा हात वरची मूठ शोधत राहिला
आणि उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत.

घाटीत मध्येच तिने गाडी थांबवली,
हँडब्रेक ओढला, सोडला,
वीतभरही मागे न येता पुढे नेली.
पहाटे तीनला इथे कोल्हा आडवा येतो, म्हणाली,
इथे थांबता आलं पाहिजे.
कितीदा पाहिला असेल तिने तो,
रिक्षाच्या पडद्याआडून.
प्रत्येक वळणाआधी ती स्वतःच श्वास धरते
आणि वळल्यावर सोडते,
हे सव्वीस वर्षांत माझ्या नोंदीत नव्हतं.

घरी आल्यावर बेचाळीस खोडले नाहीत.
नोंद खोडायची नसते,
खाली शेरा लिहायचा असतो.
लिहिला: मोजणी चुकीच्या सीटवरून झाली.

करडी.
पेट्या पाच.
सहावी मी मांडीवर घेईन.