सातवं ग्रीन

पाचला बांबू घेऊन मी दव झटकते.
साचलेलं दव बुरशीला आवडतं, म्हणून
लांब लवचीक काठी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
आणि रात्रभर पांढुरकं दिसणारं गवत
ओल्या पाटीसारखं काळंभोर होतं.

मग रमेलो यंत्र फिरवतो. साडेतीन मिलिमीटर.
म्हणजे तांदळाचे दोन दाणे एकावर एक.
आमच्या डिचोलीत गवताची उंची
म्हैस ठरवायची.

मग भोक हलवायचं.
कालच्या जागेपासून आठ पावलं, उतार बघून.
नव्या भोकातून निघालेला मातीचा लांबोडा
जुन्या भोकात बसवायचा,
वर ओंजळभर पाणी, वर तळहात.
नऊ वाजता पाहुणे गुडघ्यावर बसून
जमिनीचा कल वाचतात, एक डोळा मिटून.
काल भोक कुठे होतं
ते त्यांना दिसत नाही.
मला दिसतं. माझी ती करमणूक.

आणि लव्हाळा.
शाळेत बाईंनी नम्रतेचा धडा म्हणून शिकवला होता,
सगळ्या वर्गाने माना डोलावल्या होत्या.
इथे त्याला सुरीच्या टोकाने उकरते.
एक ओढावा तर खाली सात गाठी,
पोवळ्यांची माळ तुटल्यासारख्या.
नम्र कसला, बाई. हट्टी आहे तो.

फेब्रुवारीत सातवं ग्रीन पिवळं पडलं.
आधी नदीकडची कड, मग पोट.
तळावलीकर साहेबांनी खत वाढवलं,
मग कमी केलं,
मग माती पिशवीत भरून पुण्याला पाठवली.
अहवाल यायला अठरा दिवस.

पंपावरच्या रुझारने
चिमूटभर माती जिभेवर ठेवली,
थुंकला.
“हें भरतेचें,” म्हणाला. “मानस कुसला.”

मी मराठी शाळेतली. मानस म्हणजे मन.
मला वाटलं, म्हातारा कोणाबद्दल बोलतोय?
त्याने हाताला धरून बांधावर नेलं.
मानस म्हणजे दार.
बांधाच्या पोटात लाकडी झडप:
ओहोटीला आपोआप उघडते,
भरतीला आपोआप मिटते,
राखण नको, किल्ली नको.
सातव्या ग्रीनच्या जागी त्याच्या बापाचं भात होतं,
आणि बाप दर अमावास्येला
हे दार चाचपून यायचा,
गाभण गायीचं पोट चाचपावं तसं.

ऐनाची एक फळी कुजली होती.
तेवढ्या फटीतून साळ नदी
रोज दोनदा
गोल्फ खेळायला येत होती.

उधाण सरल्यावर, रात्री, ओहोटीला उतरलो.
रुझार, रमेलो, मी. मांडीपर्यंत चिखल.
कालवं खरवडताना माझी बोटं चिरली,
एक कुर्ली रमेलोच्या बुटात शिरली
आणि तो देवाचं नाव सोडून बाकी सगळं बोलला.
फळी बसली. बिजागरीला खोबरेल.
मग बांधावर बसून वाट पाहिली.
दीडच्या सुमाराला पाणी फिरलं
आणि झडप
कोणी हात न लावता
ठप्प.
रुझारने टोपी काढली. का, ते मी विचारलं नाही.

पुढे तीन आठवडे तळ्याचं गोडं पाणी,
जिप्सम, सळईने पाडलेली छिद्रं, छिद्रांत वाळू.
एवढं कष्टाचं काम
कागदावर एका ओळीत मावतं.
अहवालही आला, मध्येच कधीतरी.
“क्षार जास्त”, इंग्रजीत, शिक्क्यासह.

आज कडेला नवा कोंब दिसला,
दोऱ्याएवढा.
ओणवी होऊन मी तिथली माती
जिभेवर ठेवली. आजूबाजूला कोणी नाही ना, बघून.
गोड नाही म्हणता येणार.
पण खारट नाही.

साहेबांच्या फॉर्मवर शेवटचा रकाना असतो:
तपासणीची पद्धत.
तिथे मी नेहमीसारखी
एक आडवी रेघ मारली
आणि खाली सही केली, सुलक्षा,
पूर्ण नाव.