दोन अक्षरांएवढं भोक

पांगानीच्या तरीपासून चौथं दुकान माझं.
दुकान म्हणजे ओटा, बदामाची सावली,
पायाचं मशीन, कोळशाची इस्त्री.
तीस वर्षं मी कांग्यांचे काठ दुमडतो आहे.
कांगा जोडीनं येतो, एका सलग कापडात दोन;
मधोमध कात्री चालवायची, कडा शिवायच्या,
एक कमरेला, एक डोक्यावर.
दोन्हींवर खालच्या काठाशी तीच ओळ छापलेली.
त्या ओळीला आम्ही नाव म्हणतो.
बिननावाचा कांगा? तो टेबलावर अंथरा.

शाळा चार इयत्ता. उरलेलं सुईखालून वाचलं.
'उसन्या होडीत बसून वाऱ्याला शिव्या देऊ नये':
मशीन भाड्याचं होतं तेव्हापासून पाठ आहे.
'ज्याच्या घरी दिवा, त्याच्याच घरी किडे':
ही महिन्याच्या एक तारखेला, मेहुणे येतात तेव्हा.
'समुद्र माफी मागत नाही, मासे देतो.'
ही मला कधीच कळली नाही.
तरी तिचा काठ मी जपून दुमडतो.

बायका इथे बोलत नाहीत, नेसतात.
लेकी बोले सुने लागे म्हणतात ना,
तसं कापड बोलतं आणि अख्ख्या गल्लीला लागतं.
माझी बायको एकदा सकाळी नेसून आली:
'गप्प आहे, आंधळी नाही.'
मी चहा संपवला
आणि तीन महिने डॉमिनोच्या अड्ड्याकडे फिरकलो नाही.

म्वानाकोम्बोनं आणलेला कांगा जांभळा होता,
मध्ये काजूची नक्षी.
नाव: 'विसरणार नाही'.
कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.
धाकटी बहीण साउमू. आईचे तीन माड.
सहा वर्षांचा अबोला.
शुक्रवारी भाचीचं लग्न,
दोघींना एकाच चटईवर बसायचं.

शेवटचा हात फिरवताना निखारा उडाला.

आमच्या भाषेत 'नाही' आधी येतं,
क्रियापदाच्या दारात उभं,
दोन अक्षरांचं, राखणदारासारखं.
निखाऱ्यानं नेमकं तेवढंच खाल्लं.
एका अर्ध्यावर आता उरलं: विसरेन.
दुसरं अर्धं धडधाकट.

दोन्ही तिच्यापुढे ठेवले.
भरपाई देतो म्हटलं,
पुढे बोलायला काही सुचेना.
तीस वर्षांत हजारो नावं हाताखालून गेली,
वेळेला एकही धावून आलं नाही.
म्वानाकोम्बोनं भोकातून बोट घातलं,
पलीकडे आलेलं ते बोट
दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघत राहिली.
मग म्हणाली, इस्त्रीचे पैसे देणार नाही.
शिलाईचे मोजून दिले.

लग्नात पुरुष वेगळ्या अंगणात बसतात.
मला काही दिसलं नाही.
रात्री बायकोला विचारलं, काय नेसली होती गं ती?
'पिलाव चांगला होता,'
म्हणाली आणि दिवा मालवला.

पंधरा दिवसांनी साउमू आली.
ओट्याच्या पायरीवर टेकली, चपला काढल्या,
पिशवीतून जांभळं अर्धं बाहेर काढलं.
भोकाचं.
त्यावर खोबरेल तेलाचा डाग, नातवाच्या अंगाचा वास,
म्हणजे रोजच्या वापरात होतं.
दुसरं अर्धं कुठे आहे, मी विचारलं नाही.
म्हटलं, जुळता धागा आहे माझ्याकडे,
दोन अक्षरं भरून देतो,
कुणाला कळणारसुद्धा नाही.

नको फुंदी, ती म्हणाली.
भोक राहू दे.
फक्त कडेनं टाका घाल,
वाढायला नको.