नक्षी कुठंय

अण्णा सतराव्या वर्षी विट्यातून उठले
ते गलाईला थेट अलेप्पीला.
समुद्रापासून दोन गल्ल्या आत
एकतीस वर्षं मूस तापवली.
लोकांच्या दुकानातली झाडलोट जाळून
तिच्यातून बाजरीच्या दाण्याएवढं सोनं काढलं.
दिवाळीला घरी आले की मी विचारायची,
समुद्र कसा असतो?
"पाणी हाय. खारट."
एवढंच. मग चष्मा, मग हिशेबाची वही.

चैत्रात त्यांचं दुकान मोकळं करायला मी गेले.
दोन चिमटे, तडकलेली मूस,
सवागीची पुडी दमट होऊन दगड झालेली.
शेजारचा छत्रीवाला वर्गीस मोडक्या हिंदीत म्हणाला,
रोज सहाला जायचे. चपला हातात घेऊन.
मी म्हटलं, कुठं?
तो हसला. हात पश्चिमेकडं केला.

त्या जागेवर मी बसून राहिले.
लाट यायची, वाळूवर एक बारीक रेघ ठेवायची,
परत जायची.
पुढची यायची, ती रेघ पुसायची,
थोडी अलीकडं, थोडी वाकडी, दुसरी ठेवायची.
एकही सरळ नाही.
एकही चुकलेली नाही.
मला पट्टी-कंपास घेऊन शिकवलंय,
पानाला पान, कळीला कळी जुळलीच पाहिजे.
अंधार पडेपर्यंत मी मोजत होते.
काय मोजत होते, आता सांगता येत नाही.

इथं आल्यावर, मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू असताना,
लेंगऱ्याच्या शिंदेबाईंच्या सासूचे मोडके तोडे वितळवले.
जंतरातून तार ओढली,
एका जागी जाड राहिली, राहू दिली.
खड्यावर हात गेला होता. मागं घेतला.
फुलाचा ठसा तर काढलाच नाही.

शिंदेबाईंनी कडं उलटसुलट केलं.
"नक्षी कुठंय?"
मी गप्प.
"मग घडणावळ कशाची घेतीस गं?"
माझ्या तोंडून निघून गेलं,
पाणी हाय. खारट.
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
जसं उन्हात फिरलेल्या माणसाकडं बघतात.
घडणावळ निम्मी दिली, कडं घातलं, एसटीला गेल्या.

पावसाळा संपल्यावर आल्या, कडं सैल करायला.
मनगट सुजलं होतं, साबण लावूनही निघेना.
काढलं तेव्हा बघितलं,
विळ्याचा ओरखडा, हंड्याच्या काठाचा,
एका कडेला कणीक वाळलेली,
जाड जागा बोटांनी गुळगुळीत झालेली.
म्हटलं, पॉलिश करून देते, नव्यासारखं होईल.

"नगं."
मग थोड्या वेळानं, पिशवीत काहीतरी शोधत,
"पोरगी मागतीया.
तिला म्हटलं, अजून झिजू दे जरा."