भोंगा

सिंथ जुना आहे. कळव्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून
तीन हप्त्यांत घेतलेला, त्यातला एक अजून बाकी.
त्याच्या काचेत दोन ओळी मावतात,
खालची गेल्या मे महिन्यात विझली.
म्हणून लॅपटॉप. केबल जोडली की
याच्या पोटातलं सगळं पडद्यावर मांडून ठेवतो,
दिवाळीआधी भांड्यांचं कपाट उपसावं तसं:
ऑसिलेटर, फिल्टर, तिरक्या रेषांचे डोंगर,
शून्य ते एकशे सत्तावीस, जिकडे तिकडे.

एकांकिकेला भोंगा हवाय.
वागळे इस्टेटचा, ऐंशीच्या आसपासचा.
दिग्दर्शक म्हणाला, नेटवरून उचल.
उचलला. तो जहाजाचा निघाला.

मग तळमजल्यावरून घाडीकाकांना वर बोलावलं.
रोड नंबर सोळाची कंपनी, बॉयलरवर एकवीस वर्षं.
भोंग्याची साखळी काही काळ त्यांच्याच हातात.
चपला दाराबाहेर जोडून
ते खुर्चीच्या कडेवर बसले,
हजेरी व्हायची आहे अजून, असे.

सॉ वेव्ह लावली, करवतीच्या दातांची. पट्टी दाबली.
"ही रिक्षा," काका म्हणाले.
कटऑफ चाळीसवर ओढला.
"आता म्हैस."
दुसरा ऑसिलेटर जरासा बेसूर केला, सात सेंट.
काका काही बोलले नाहीत.
न बोलणं म्हणजे किसननगरपर्यंत तरी पोचलो.

"आधी वाफ येते गो. आवाज मागनं.
आधी नुसतं फुस्स.
तेवढ्यात आम्ही हात पुसून घ्यायचो."

नॉइजचा अटॅक शून्य ठेवला,
सुराचा वाढवत गेले. तीस. बावन्न.
हात पुसायला किती वेळ लागतो
हे माऊसने मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.
"कमी पडतंय."
साठ.
"ग्रीस असतं हाताला."
एकाहत्तर.
काकांची बोटं मांडीवर, पँटीच्या कापडावर
एकदा मागे, एकदा पुढे.
"हां."

आणि संपताना?
काका माझ्याकडे बघत राहिले.
"संपताना कोण ऐकतो? तोवर गेटाबाहेर."
शेवटच्या दिवशी?
"त्या दिवशी वाजलाच नाही. गेटावर कागद होता."

रिलीजचा स्लायडर मधेच सोडला.
मॅन्युअलात काही नव्हतं. असणार कुठून.
सरळ कापून बघितला: कुकर उतरवल्यासारखा.
लांबवून बघितला: देवळात गेल्यासारखा.
दोन्ही खोटे, आणि खोटे का ते
आम्हा दोघांनाही सांगता येईना.

काकू त्यांना बोलवायला वर आल्या होत्या.
बीपीची गोळी राहिली होती.
दारातूनच म्हणाल्या, "असा नव्हता.
शेवटी घसरायचा. पायरी चुकल्यागत.
आणि मग बराच वेळ नुसता वारा.
तो वारा थांबला की मी तवा ठेवायची."
चौकटीवरून हात खाली ओढून दाखवला,
एवढा. नाही, एवढा.

एन्व्हलपची शेपटी वाकवली, अर्धा सूर खाली.
नॉइज मागे राहू दिला. ब्याण्णव, शंभर.
काकूंनी डोळे मिटले नाहीत की काही नाही,
नुसतं म्हणाल्या, "थोडं अजून.
हे चालत यायचे, सायकल नव्हती तेव्हा."
एकशे आठ.

साठवताना सिंथ नाव मागतो,
दहा घरांत, आणि देवनागरी त्याला येत नाही.
मी 'तवा' लिहिलं, सात घरं रिकामी राहिली.

मोठ्या स्पीकरवर लावणार
तर काकांनी माझं मनगट धरलं.
"अवेळी नको. तीनला वीस कमी आहेत.
पहिली पाळी साडेतीनला सुटते."

समोर, कंपनीच्या जागेवर, काचेची इमारत.
तिच्या एसीचा घूंऽऽ, एकच सूर, ना सुरुवात ना शेवट.
काकूंनी तिथेच पाण्याबरोबर गोळी दिली
आणि त्याही बसल्या.