चिमटीत काही येऊ नये

यॉर्कटनच्या अग्निशमन केंद्रात
महिन्याच्या पहिल्या शनिवारी
मोठा बंब जरा सरकून जागा देतो
आणि एकेक मोटार आत येते, मागचं दार उघडं टाकून.

बाहेर उणे एकतीस.
माझ्या वयाच्या बायका चर्चमध्ये गुडघे टेकतात.
मी इथे टेकते, बिस्किटांच्या चुऱ्यात,
बेदाण्यांत, एका हरवलेल्या मोज्यापाशी,
आणि सगळं वजन देऊन लेकराची खुर्ची दाबते, पट्टा ओढते.
अंगठ्याच्या रुंदीइतकी हलली, चालेल.
त्याहून जास्त नाही.

सकाळी ब्रिन आली, शाळेत शिकवते ती.
लेक फुगीर निळ्या कोटात, नुसते डोळे बाहेर.
पट्टे आवळलेले, तिच्या मते घट्ट.
म्हटलं, आता कोट काढ
आणि पट्टे आहेत तसेच ठेवून पुन्हा बसव.
बसवला.
पट्टा आणि छाती यांच्यामध्ये
माझी अख्खी मूठ मावली.
ती त्या मुठीकडे बघत राहिली.
थंडी दिसते, वारा ऐकू येतो,
ही मूठभर पोकळी मात्र
ऊब होऊन बसलेली असते अख्खा हिवाळा.
मग पट्टा ओढला, खांद्यापाशी चिमटीत धरून पाहिला.
चिमटीत काही आलं नाही.
कोट उलटा करून वरून पांघरला
तर पोरगं खुदकन हसलं. त्याला वाटलं, खेळ.

दुपारी वासिल ह्रिनचुक.
तळघरातून काढलेली खुर्ची, धुऊन, पुसून,
कापडावर फिकट बदकं.
पुढच्या आठवड्यात नात येणार, रेजायनाहून.
"हिच्यात माझी लारिसा बसायची. काही झालं नाही तिला."
काही झालं नाही.
बावीस वर्षं मी बंबावर होते.
हायवेवरच्या काही रात्री
मी घरीसुद्धा सांगितल्या नाहीत.
यांना काय सांगू?
खुर्ची उलटी केली. तळाशी तारीख होती,
लारिसाच्या बालपणाइतकी जुनी.
कड दाबली, तर प्लास्टिक पांढरं पडलं
बोटाखाली.

अशा खुर्चीचे पट्टे कापावे लागतात.
नाहीतर कुणीतरी कचऱ्यातून उचलतं,
घरी नेतं, धुतं, पुसतं.
मी कात्री काढली.
ते म्हणाले, "द्या इकडे."
पट्टा चिवट. कात्री दोनदा घसरली.
तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळले.
मग बक्कल तेवढं तळहातावर घेऊन
लावलं, काढलं. खट्. खट्.
"हा आवाज झाला की ती झोपायची,"
असं म्हणून खिशात टाकलं.
मी खिडकीबाहेर बघत होते,
बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

कोठीतली नवी खुर्ची त्यांनीच बसवली.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा माझ्यावर डाफरले.
चौथ्यांदा खुर्ची जागची हलेना.
नातीचं तोंड मागच्या काचेकडे असणार,
हे त्यांना पटलं नाही.
"मी दिसणार नाही तिला."
"नाही दिसणार," मी म्हटलं.
जरा वेळ गेला.
मग डिकीतून बटाट्यांची पिशवी आणली,
खुर्चीत ठेवली, पट्टे लावले,
खांदा जिथे असता तिथे
चिमटी धरून पाहिली.

गाडी निघाली.
मी दारात उभी, हातमोजे घालायचे विसरलेली.
कोपऱ्यावर कुणी नव्हतं,
ना गाडी, ना माणूस, नुसता पांढरा रस्ता दोन्हीकडे.
तरी ते पूर्ण थांबले.