छत्रीचं फूल

मतुंझिनीला, नोमागुगुच्या तारेच्या कुंपणावर
एक वेल चढलीय, करंगळीएवढी जाड,
तिला हिरव्या छत्र्या लागल्यात
ठिपक्याठिपक्यांच्या.

वास घे, म्हणाली.
मी नाक लावलं. काही नाही.
तुला नाही येणार, म्हणाली,
तुझं पोट त्यावर चालत नाही.

कोळ्याच्या जबड्यात मधमाशी
मरता मरता जो वास सोडते
तो या फुलाचा. जशाचा तसा.
इथे कोळी नाही, मधमाशीही नाही,
नुसती हाक.

हाकेसरशी बारीक काळ्या माश्या येतात.
सोडवायला नव्हे,
जेवायला.
दुसऱ्याच्या ताटात तोंड घालायची
त्यांची पिढीजात सवय.

नळीत केस, सगळे आत वळलेले,
जाताना मऊ, परतताना भाले.
तळाशी कोठडी. थोडा उजेड. ताट नाहीच.
रात्रभर भिंती चाटताना
सोंडेला परागांचा चिमटा बसतो,
कळतही नाही.
दुसऱ्या दिवशी केस सुकतात, फूल मान टाकतं,
माश्या उपाशीच बाहेर,
आणि शेजारच्या छत्रीतून
पुन्हा तीच कुणीतरी मरतेय.
पुन्हा जातात.

मी म्हटलं, किती मूर्ख.
ती जरा गप्प झाली.
मग म्हणाली, म्झिकायिसे गेला तेव्हा बैल कापला होता.
तीन टेकड्यांपलीकडून माणसं आली,
त्याला कधी न पाहिलेली.
एक तपकिरी कोटवाला,
दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या मातीला हजर,
दोनदा जेवला, वर डबा पुढे केला.
मी दात खाऊन वाढलं.

पावसाळ्यानंतर एम्पांगेनीच्या बाजारात
रताळी विकणाऱ्या अनोळखी बाईने विचारलं,
अंगातला सदरा काढून
पोळ्यांना धूर द्यायचा,
माशी घडीत अडकून मरू नये म्हणून,
त्याचीच ना तू?

तुला कुणी सांगितलं?

माझ्या आईच्या मातीला एक जण आला होता.
तपकिरी कोट. जेवता जेवता बोलत होता.

नोमागुगुने सुकलेली एक छत्री खुडली.
आतून एक माशी निघाली,
भेलकांडत कुंपणापलीकडे गेली.

कोटवाल्याला तिने अजून माफ केलेलं नाही.
डबा त्याने खरंच काठोकाठ भरून घेतला होता.