एक

दंडोबाच्या पायथ्याला, कोरड्या ओढ्यात
मी वही धरून बसलेय. पाय टेकला की एक गुण.
इथं शून्यवाला पहिला येतो.
बत्तीस वर्षं शाळेत उलटं शिकवलं.

मुनाफच्या गाडीला सीटच नाही.
रात्री कुपवाडात क्लच उघडून बसवला त्यानं,
मग चाकातली हवा सोडत राहिला
टायर पिकल्या चिकूइतका दबेपर्यंत.

आता काळ्या धोंड्यावर
गाडी जवळजवळ थांबलीय, आणि पडत नाही.
क्लचवर एकच बोट.
बुटाचं टोक खाली आलं...
वाळकं पान वाजलं, की सरडा होता?

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
पलीकडे चढल्यावर
हातमोज्यातलं बोट वर केलं: एक.

लिहिला.
चौतीस नंबर ओढ्यात उतरतोय,
भलताच जोरात.